उताणी वाटी

सिल्वासा,
४ ऑगस्ट १९९६

मृणाल बाळ,

तू तिसरीत असशील. मे महिन्यात तुझ्या आईने तुला माझ्याकडे पाठवलं होतं. दुपारी खाणावळीत जेवणारे पाटावर बसलेले असायचे आणि तू स्वयंपाकाच्या ओट्यावर चढून, पाय खाली सोडून बसायचीस. कोणी हात धुऊन बाहेर पडलं, की त्याच्या नावाची वाटी पालथी करायचीस आणि पोळ्या करणाऱ्या पुतळाबाईला सांगायचीस, "एक कमी." एकदा कचेरीतले एक साहेब नुसतं पाणी प्यायला उठले होते. तू त्यांची वाटी पालथी केलीस, पुतळाबाईने गॅस बंद केला, आणि साहेब परत येऊन बसले तर पोळी गार. तुझे काका खांब धरून हसले होते.

आज हे आठवायला कारण म्हणजे तुझ्या आईचं पत्र. तू म्हणे खडोलीच्या सुताच्या कारखान्यासाठी कॉम्प्युटरचं काही काम करते आहेस. आपल्या खडोलीच्या! मला तू एका अक्षराने कळवलं नाहीस. तुझ्या आईचं पत्र काल आलं, पण त्याआधी कळलं कोणाकडून, तर नवनाथकडून. हा मुलगा साक्रीकडचा, त्या कारखान्याच्या गेटवर ट्रकचे पास बनवतो आणि रात्री माझ्याकडे जेवतो. परवा आमटी ओरपत म्हणाला, "पुण्याच्या कोण्या मॅडमनी प्रोग्राम दिलाय. सकाळी मस्त चालतो, दुपारी मुका होऊन जातो." मी विचारलं, मॅडमचं नाव काय. त्याने सांगितलं आणि माझ्या हातातली पळी आमटीतच राहिली. तू माझी भाची आहेस हे त्याला सांगितलं नाही. आधी तुझी बाजू ऐकावी म्हटलं.

इथे बरं आहे. गुडघे मात्र संपावर गेलेत. म्हणून वाढायचं काम मी ममताला दिलंय. ममता म्हणजे पुतळाबाईची सून. नवरा राखोलीला यंत्रमागावर असतो. हाताला चव आहे पोरीच्या. हळूहळू सगळी खाणावळच तिच्याकडे सोपवायची, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलंय. मी आता ओट्याजवळ खुर्ची टाकून नुसती बसते.

तर तू नेमकं काय करतेस, ते मला समजेल असं लिही. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नाडेट म्हणायच्या, जे आपल्या मावशीला समजावता येत नाही ते आपल्यालाच समजलेलं नसतं. (मावशी हा शब्द माझा, बाकी त्यांचं.)

तुझी,
शैलामावशी


पुणे,
१२ ऑगस्ट १९९६

शैलामावशी,

तुला नमस्कार आणि संपावरच्या गुडघ्यांनाही.

कळवलं नाही कारण आधी काम नीट चालावं आणि मग ऐटीत तुझ्याकडे जेवायला यावं, असा बेत होता. नवनाथने तो हाणून पाडला. त्याला काही बोलू नकोस, तो म्हणतो ते खरं आहे.

सांगते. कारखान्याच्या ऑफिसात एक मोठं मशीन आहे. गेटवर, गोदामात, वजनकाट्यावर लहान मशीनं आहेत. ट्रक भरला की नवनाथ गेटवरून मोठ्या मशीनला हाक मारतो. तिथे माझा प्रोग्राम कान देऊन बसलेला असतो. हाक आली की दोघांमध्ये एक लाइन उघडते. तिला आम्ही सॉकेट म्हणतो. तू टेलिफोनची लाइन समज. पण प्रोग्राम एकट्या नवनाथशीच बोलत बसला, तर गोदामवाल्याला कोण बघणार? म्हणून तो काय करतो, आपल्यासारखाच दुसरा प्रोग्राम जन्माला घालतो. पहिल्याला आई म्हणतात, दुसऱ्याला मूल. मी थट्टा करत नाही, पुस्तकातच तसं आहे. मूल नवनाथशी बोलतं, त्याचा पास करून देतं आणि संपतं. आई पुन्हा कान देऊन बसते.

आता यातली गंमत. मूल रिकाम्या हाताने जन्माला येत नाही. त्या क्षणी आईच्या हातात जे जे उघडं असेल, म्हणजे उघडलेल्या फाइली, उघड्या लाइनी, ते सगळं त्याच्याही हातात उघडंच येतं. त्याला काही नव्याने उघडावं लागत नाही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा इतका आनंद झाला होता, की मी डबा खायचा विसरले.

प्रत्येक उघड्या गोष्टीला मशीन एक आकडा देतं, फाइल डिस्क्रिप्टर. भिंतीवरच्या खुंट्या असतात ना, तसं. एक गोष्ट उघडली की एक खुंटी अडली, बंद केली की मोकळी. खुंट्या मोजक्याच असतात. आणि खडोलीत दुपारपर्यंत त्या संपतात. मग मशीन म्हणतं, फार गोष्टी उघड्या आहेत, आता नवीन नाही. नवनाथ हाका मारतो, ओ येत नाही, आणि ट्रक रस्त्यापर्यंत उभे राहतात. इथे पुण्यात चार हाका मारून बघते, तर सगळं सुरळीत.

सप्टेंबर संपता संपता चाचणी आहे. सकाळी गेट उघडल्यापासून बंद होईपर्यंत प्रोग्राम मधे न अडकता चालला पाहिजे. नाही चालला तर आमचे सुधाकर सर हे काम दुसऱ्यांना देणार आणि मी परत माहितीपुस्तिका लिहायला बसणार. ऑफिसात हे काम मी मागून घेतलंय, मावशी. सर म्हणाले होते, "बघा, झेपेल ना?" आणि मी हो म्हटलं होतं.

तुझी,
मृणाल


सिल्वासा,
२१ ऑगस्ट १९९६

मृणाल बाळ,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, एकदा मोठ्याने, पुतळाबाईला ऐकू जाईल असं. तिचं मत, मुलं जन्मताच आईचं सगळं घेऊन येतात यात मशीनने नवीन काय केलं.

माझं मत असं, की दोष मुलांचा आहे. आयतं उघडं मिळालेलं कोणाला मिटवायचं सुचतं? मी इतकी वर्षं शाळेत शिकवलं. वर्गातून बाहेर पडताना पंखा बंद करणारं मूल मला क्वचित भेटलं. तुझी ती मुलं काम झाल्यावर लाइन तशीच टाकून पळत असणार. त्यांना शिस्त लाव.

नवनाथला आता सांगून टाकलं, तू कोण ते. बिचारा ताटावरून उठायलाच निघाला होता. त्याला एक पोळी जास्त घातली आणि तुझ्या वतीने चौकशी केली. तो म्हणतो, पास छापून येतो, सगळं होतं, पण पडद्याच्या कोपऱ्यात 'चालू' असं अक्षर असतं ते जातच नाही. तो बटण दाबून पुढे जातो. "मॅडमला सांगा, माझी काही तक्रार नाही," असं दहा वेळा बजावलं त्याने. तुझ्या उपयोगाचं असेल तर बघ.

इकडे थोडी काळजी आहे. ममता परवा गलोंड्याच्या एका कंपनीत पॅकिंगचं काम आहे का, म्हणून विचारून आली. मला पुतळाबाईने सांगितलं. कंपनीची बस घरापर्यंत येते, ओव्हरटाइम मिळतो. आजकालच्या मुलींना त्याचंच आकर्षण. मी तिला काही बोलले नाही. उलट मदत व्हावी म्हणून पहिल्यापेक्षा जास्त वेळ ओट्याजवळ बसते, तिचं मीठ-तिखट बघते, कोण आलं कोण गेलं यावर लक्ष ठेवते. आणखी काय करायचं?

दूध पीत जा.

शैलामावशी


पुणे,
३ सप्टेंबर १९९६

शैलामावशी,

घाईत लिहिते.

मुलं निर्दोष आहेत. तू म्हणालीस म्हणून एकेका मुलाचा माग काढला. प्रत्येक मूल आपलं काम करतं, आपल्या हातातली लाइन बंद करतं आणि संपतं. एकही मागे रेंगाळत नाही. वर्गातून बाहेर पडताना पंखा बंद करणारी मुलं आहेत माझी.

तरी खुंट्या भरतात. सगळी मुलं घरी गेली आणि वर्गात पंखे फिरतच आहेत.

काल सरांनी विचारलं, कुठवर आलं. मी म्हटलं, होईल. आज सकाळी त्यांनी माहितीपुस्तिकांचा गठ्ठा माझ्या शेजारच्या टेबलावर आणून ठेवलाय. मुद्दाम नसेल कदाचित.

नवनाथच्या 'चालू'चं बघेन. ते फक्त पडद्यावरचं अक्षर आहे, त्याने काही बिघडत नसावं.

मृणाल


सिल्वासा,
१९ सप्टेंबर १९९६

मृणाल बाळ,

तुझं पत्र आलं आणि गणपतीही आले, म्हणून उत्तराला उशीर. तुझ्या त्या गठ्ठ्याचं मला फार लागलं. पण त्यावर मी काय लिहिणार? मला समजतं तेवढं सांगून झालं. म्हणून आज तुला नुसतं हसवणार आहे.

परवा आमच्याकडे जी फजिती झाली, ती तुझ्या काकांच्या वेळीही कधी झाली नव्हती. कचेरीतल्या कोकणातल्या मंडळींना यंदा रजा मिळाली नाही. म्हणून मी जाहीर केलं, ज्यांना गावी जाता आलं नाही त्या सगळ्यांनी मोदकाला माझ्याकडे यायचं. आले. आणि येताना आणखी माणसं घेऊन आले.

आपली जुनी पद्धत तुला माहीत आहे. माणूस पाटावर बसला की ओट्यावर त्याची वाटी उताणी. जेवून गेला की पालथी. पालथी वाटी पुन्हा वापरायला मोकळी. उताण्या वाटीला कोणी हात लावायचा नाही. आणि सगळ्या पालथ्या झाल्याशिवाय पुतळाबाई गॅस बंद करत नाही.

पहिली पंगत जेवून गेली. दुसरी बसली. ममता आमटी वाढायला निघाली आणि बघते तर घरात वाटीच नाही. एवढ्या वाट्या माझ्या, लग्नातल्या, काकांच्या निरोपसमारंभातल्या, बोहारणीकडच्या, आणि एक शिल्लक नाही. शेवटी चहाच्या कपातून आमटी दिली. मंगेश म्हणून नवीन शिक्षक आलेत रत्नागिरीचे, त्यांना तर पाण्याच्या तांब्यात मिळाली. ते बिचारे तांब्याला तोंड लावून, डोळे मिटून प्यायले. सगळी पंगत हसत सुटली.

तेवढ्यात आतून पुतळाबाई, "बाई, पहिल्या पंगतीचं कोन ऱ्हायलं वं अजून? गॅस चालूच हाये."

मी म्हटलं, कोणीच नाही, सगळे गेले.

"मंग ह्या उताण्या कोनाच्या?"

बघते तर ओट्यावर माझ्या बाजूला रांगच्या रांग उताणी. मी ममतावर रागावले. म्हटलं, माणसं जेवून गेली, तुला वाट्या पालथ्या करायला काय झालं? ममता कधी उलटून बोलत नाही. हातातलं भांडं खाली ठेवून म्हणाली, "बाई, मी केल्या पालथ्या. माझ्या बाजूच्या सगळ्या दुसऱ्या पंगतीला पुन्हा लागल्या. ह्या तुमच्या आहेत."

आणि खरंच होतं. मी वाढायचं काम तिला दिलं, तेव्हापासून ती आपल्या बाजूला प्रत्येकाची वाटी ठेवते. आणि मी सवयीने, माणूस दारात दिसला की माझ्या बाजूलाही एक ठेवते. एका माणसाच्या दोन वाट्या. तिचा माणूस जेवून गेला की ती आपली पालथी करते. माझी कोण करणार? पूर्वी मीच हातावर पाणी घालून त्यांना पोचवायचे आणि येताना वाटी पालथी व्हायची. आता पोचवते ममता. मी खुर्चीतून उठतच नाही, मग पालथी करायची वेळ माझ्या हाती येतच नाही. रोज चार माणसं कमी असतात आणि शेवटी सगळ्या वाट्या एकदम घासायला जातात, म्हणून इतके दिवस कळलं नाही, एवढंच.

हसलीस ना? मोदक मात्र छान झाले होते. ते ममताचे होते.

शैलामावशी


पुणे,
२४ सप्टेंबर १९९६

माझ्या शैलामावशी,

मी हसले नाही. मी तुझं पत्र हातात घेऊन ऑफिसच्या जिन्यात बसले आणि मग धावत वर गेले.

आई, मावशी. आईच. मुलं नाहीत. मी सगळा वेळ मुलांच्या मागे लागले होते आणि उताण्या वाट्या आईच्या बाजूला होत्या.

हाक आली, लाइन उघडली, ती आईच्या हातात आली. आईने मूल जन्माला घातलं, तीच लाइन मुलाच्याही हातात आली. एका लाइनीच्या दोन वाट्या. मुलाने आपली इमानदारीने पालथी केली. आईने काम मुलाला दिलं, पण स्वतःची वाटी तशीच ठेवली, कारण नवनाथला पोचवायला ती आता जात नाही. आणि लाइन अशी आहे, की शेवटच्या धरणाऱ्याने सोडेपर्यंत ती संपत नाही. म्हणून नवनाथच्या पडद्यावरचं 'चालू' जात नव्हतं. तो इतके दिवस मला खरं उत्तर सांगत होता आणि मी त्याला पडद्यावरचं अक्षर म्हणाले. पुण्यात चार हाका मारते म्हणून इथे कधी कळलं नाही. तुझ्याकडे रोज चार माणसं कमी असतात तसंच.

काय बदललं, तर एक ओळ. मूल जन्मलं रे जन्मलं, की आईने त्या लाइनीवरचा आपला हात काढून घ्यायचा. फक्त त्या. कान देऊन बसायची जी मूळ जागा आहे, ती आईने धरून ठेवायची आणि उलट मुलाने सोडायची, कारण ती त्याच्या कामाची नाही. ज्याने त्याने आपल्याला न लागणारं सोडायचं. मग दोघंही मोकळे.

काल दिवसभर इथे खोट्या हाकांचा भडिमार केला. खुंट्या रिकाम्याच राहिल्या. सर माझ्या खुर्चीमागे उभे होते. जाताना तो पुस्तिकांचा गठ्ठा उचलून आपल्या टेबलावर घेऊन गेले.

सोमवारी खडोलीला चाचणी. रविवारी संध्याकाळी वापीला उतरते. मला वाटीत आमटी मिळेल असं बघ.

आणि एक, रागावणार नसलीस तर. ममता बससाठी गलोंड्याला जातेय, असं तू लिहिलं होतंस. मला आता तसं वाटत नाही. तिला विचारून बघ.

तुझी,
मृणाल


सिल्वासा,
१४ ऑक्टोबर १९९६

मृणाल बाळ,

तू इथून गेलीस आणि घर दोन दिवस तुझ्या आवाजाने भरलेलं होतं. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला आभाराचं पत्र लगेच लिहायला शिकवलं होतं, पण या पत्राआधी मला थोडी कामं उरकायची होती.

आधी चाचणीचं. तू आत मशीनपुढे होतीस, बाहेरचं तुला दिसलं नाही. मी आणि ममता डबा घेऊन रिक्षाने आलो तेव्हा दुपार टळली होती. वॉचमनने आम्हाला गेटपाशी बाकावर बसवलं. नवनाथने इस्त्रीचा शर्ट घातला होता. दर पासाला तो खिडकीतून आमच्याकडे बघून मान हलवायचा. मग म्हणाला, "मावशी, 'चालू' गेलं. दर वेळी जातं." एक सरदारजी ड्रायव्हर पास घेऊन खाली उतरला आणि म्हणाला, आज काय झालंय, चहा प्यायलाही वेळ देत नाहीत. मला तुझ्या काकांची फार आठवण झाली. त्यांना हे बाकावर बसून बघायला आवडलं असतं. गेट बंद झालं, तू बाहेर आलीस, आणि सगळ्यांदेखत माझ्या पाया पडलीस. मी एवढंच म्हटलं, की डबा गार झाला.

परत येताना रिक्षात मी ममताला विचारलं, गलोंड्याला का गेली होतीस. तिने मांडीवरचा डबा बाजूला ठेवला. मग म्हणाली, "बाई, तुम्ही म्हणता खाणावळ तुझी. पण माझ्या प्रत्येक माणसाची एक वाटी तुमच्याकडे असते. मग मला कळत नाही, माझं काय आहे." एवढंच. बसचं नावही नाही.

मी दिवाळीला पुण्याला येते आहे, आणि लगेच परतणार नाही. निदान थंडी संपेपर्यंत. तुझी आई खोली झाडून ठेवते म्हणाली. तर जायच्या आधी कोणाला काय द्यायचं, ते तुला लिहून ठेवते. मी इथे पुन्हा खुर्ची टाकायला लागले, तर हे पत्र माझ्यापुढे धर.

खाणावळ ममताला. चालती द्यायची, बंद करून नाही. गॅस पेटता, पिंपात तांदूळ भरलेले, दूधवाल्याचा रतीब चालू, दापोलीहून येणाऱ्या कोकमांचा पत्ता पाठ करून घेतलेला. तिला काहीही नव्याने उघडावं लागू नये. वाट्या सगळ्या तिच्या, माझ्या बाजूच्याही.

ओट्याजवळची खुर्ची पुतळाबाईला, पण ती मागल्या दारी ठेवायची. तिथून ओटा दिसत नाही.

नवनाथला खिडकीजवळचा पाट, आणि तुझा प्रोग्राम चालेल तोवर एक पोळी जास्त.

मंगेशमास्तरांना तो तांब्या. त्यांनी मागितलाय.

माझ्याकडे राहतं ते समोरचं दार, घंटी आणि येणाऱ्याला 'या, बसा' म्हणण्याचा हक्क. परत आले की तो मी बजावीन. ममताने ते माझ्यावर सोडावं. बाकी माझा पेपर, माझं वेगळं अर्धा लिटर दूध आणि रोज संध्याकाळी मीठ चाखायला येणारी माझी पळी, ही मीच बंद करून येते.

तुला पोचा आलेली छोटी वाटी. तू तिसरीत असताना ओट्यावरून पाडलीस, ती. तू गेल्यावर ती मी कधी पालथी केली नाही. फडताळात लवंगा घालून उताणीच ठेवली होती. काल लवंगा काढल्या, वाटी घासली आणि बॅगेत साड्यांच्या घडीत ठेवली. पुण्याला आले की तुझ्या ओट्यावर ठेवते. माझं जेवण झालं की तू ती पालथी कर आणि सांग, एक कमी.

तुझी,
शैलामावशी